पाय धावणाऱ्याचे, पैसा रुग्णाचा
(शेती व आरोग्य : अभ्यासपाठ)



आपल्या तिगाव-पांढुर्णा भागातल्या माणसाला चालणे शिकवावे लागत नाही. शेत असो, बाजार असो की स्टेशन, पायांवर आपला भरवसा पहिल्यापासूनचा. आता मात्र निराळ्या प्रकारचे चालणे-धावणे सुरू झाले आहे. लोक पन्नास, शंभर कि.मी. पायी कापतात आणि त्या निमित्ताने रुग्णांसाठी, अनाथांसाठी, शाळेसाठी पैसा उभा करतात. उद्या आपल्या धर्मग्रामातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने असे करायचे मनात घेतले, तर घरच्यांनी काय पाहावे, शरीर कसे तयार करावे आणि जमलेला पैसा कसा सांभाळावा, ते या पाठात क्रमाने पाहू.

१. हा प्रकार काय आहे?

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ कि.मी. त्याहून लांब अंतराला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत पहिल्या महायुद्धात पडलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी १९२१ साली अशी एक शर्यत सुरू झाली. ती 'कॉम्रेड्स' या नावाने प्रसिद्ध आहे आणि तिचे अंतर सुमारे ९० कि.मी. असते. आपल्याकडे पुण्याचे आशिष कासोदेकर यांनी २०२१-२२ मध्ये ओळीने ६० दिवस रोज एक मॅरेथॉन पूर्ण केली. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीचे होते. मात्र त्यामागे कित्येक वर्षांची मेहनत होती, हे विसरू नये.

दानासाठी लांब चालण्याचा प्रकारही जुना आहे. हाँगकाँगमध्ये १९८१ साली गुरखा जवानांनी डोंगरवाटेने १०० कि.मी. जाण्याचा सराव मदतनिधीसाठी सुरू केला. १९८६ पासून ऑक्सफॅम या संस्थेच्या साथीने तो सामान्य लोकांना खुला झाला. तोच उपक्रम २०१२ पासून काही वर्षे भारतात बंगळुरूजवळ आणि पुढे मुंबईजवळ कर्जत भागात झाला. नियम साधा होता. चौघांचा एक संघ, अंतर १०० कि.मी., वेळ ४८ तास. चौघांनी एकत्र निघायचे आणि एकत्रच पोहोचायचे. संघाने आधी गावात, नात्यात, कचेरीत फिरून देणगी गोळा करायची.

शंभर कि.मी. म्हणजे किती, हे आपल्याला नकाशा न पाहता कळते. पांढुर्ण्याहून नागपूर साधारण तेवढेच. मोठे दुखणे आले की आपली माणसे हाच रस्ता धरतात. गाडीभाडे, तपासणी, औषधे, सोबत्याचे जेवण, मुक्काम, यांतच घरातली शिल्लक संपते. म्हणून हा विषय केवळ शहरी हौसेचा आहे असे समजू नये.

२. बारामतीच्या लताबाई

लता भगवान करे यांचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. त्या मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या. पोटासाठी बारामतीजवळ येऊन शेतमजुरी करीत. पती आजारी पडले, डॉक्टरांनी एमआरआय तपासणी सांगितली आणि हातात पैसा नव्हता. २०१४ च्या सुमारास बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांसाठी ३ कि.मी.ची शर्यत होती व तिला पाच हजार रुपयांचे बक्षीस होते. साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला. त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली.

या बाईंच्या हिमतीपुढे हात जोडावेत. पण कौतुक करून थांबू नये, त्यातून बोधही घ्यावा. ज्या घरात दुखणे आहे, त्याच घरातल्या म्हाताऱ्या बाईला तपासणीच्या पैशासाठी धावावे लागले. खरे पाहता धावायला हवे होते ते शेजारच्या धडधाकट माणसांनी. दानासाठी धावणे म्हणजे हेच. ज्याचे पाय आज चालतात, त्याने ज्याचे चालत नाहीत त्याच्यासाठी ते वापरायचे.

यातून लगेच दुसरी गोष्ट निघते. दुसऱ्याचे दुखणे हलके करायला निघालेल्याने स्वतः अंथरूण धरू नये. तसे झाले तर गावात एकाचे दोन रुग्ण झाले.

३. टेरी फॉक्सने काय शिकवले?

कॅनडाचा टेरी फॉक्स १९७७ साली अठरा वर्षांचा होता. हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. रुग्णालयात इतर रुग्णांचे हाल पाहून त्याने ठरवले की देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावायचे आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसा गोळा करायचा. १९७९ च्या आरंभी त्याने कृत्रिम पायाने सराव सुरू केला आणि एका वर्षाहून अधिक काळ तो चालू ठेवला. त्याच वर्षी एका २७ कि.मी.च्या शर्यतीत तो सर्वांत शेवटी पोहोचला, तरी सराव सोडला नाही.

१२ एप्रिल १९८० रोजी तो निघाला. रोज सुमारे ४२ कि.मी. धावे. सुरुवातीला देणग्या थोड्या येत. आपल्या धावण्यावर कोणी धंदा करू नये, असा त्याचा आग्रह होता. जाहिरातीच्या अटीवर मिळणारा पैसा तो नाकारी. प्रत्येक कॅनडावासीयाने एक डॉलर द्यावा, एवढेच त्याचे मागणे. १४३ दिवसांत ५,३७३ कि.मी. झाल्यावर, १ सप्टेंबर १९८० रोजी त्याला थांबावे लागले. कर्करोग फुप्फुसात पसरला होता. २८ जून १९८१ रोजी तो वारला. वय पुरते तेवीसही नव्हते.

आता नीट पाहा. त्याची धाव पूर्ण झाली नाही. तरी फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४० लाखांहून अधिक डॉलर जमले. देशाची लोकसंख्याही जवळजवळ तेवढीच होती. म्हणजे माणशी एक डॉलर आला. लोकांनी पैसा शेवटच्या रेषेला दिला नव्हता, कामाला दिला होता.

४. देणगी किलोमीटरवर लावू नये

पुष्कळ ठिकाणी 'कि.मी.मागे इतके रुपये' अशी देणगी ठरवतात. ऐकायला ही रीत चांगली वाटते, पण आपल्यासारख्या कष्टकरी गावात ती घातक आहे. कशी, ते हिशेबाने पाहू.

समजा ६० घरांनी कि.मी.ला २ रुपये कबूल केले आणि अंतर ५० कि.मी. आहे. पूर्ण धावले तर घरामागे १०० रुपये, एकूण ६,००० रुपये. ३८ व्या कि.मी.ला धावणाऱ्याचा गुडघा सुजला. उरले १२ कि.मी. थांबला तर घरामागे २४ रुपये, एकूण १,४४० रुपये कमी. गुडघा थांब म्हणतो, मन म्हणते की रुग्णाचे १,४४० रुपये जातील. तो लंगडत पुढे जातो आणि मग महिनाभर घरी बसतो. ऐन वेचणीच्या दिवसांत एका माणसाची महिन्याची मजुरी किती होते, ते आपण मला सांगायला नको. १,४४० रुपये वाचवायला त्याहून कितीतरी जास्त गेले.

म्हणून घरामागे १०० रुपये ठरले असतील तर ते १०० रुपयेच. पन्नास झाले तरी तेवढे, अठ्ठावीस झाले तरी तेवढे. शक्यतो ही रक्कम धावण्याच्या आधीच जमा व्हावी. त्या दिवशी धावणाऱ्याच्या डोक्यावर पैशाचे ओझे नसले, तरच तो शरीराचे ऐकेल.

५. चोवीस आठवड्यांची तयारी

पहिल्याच वर्षी १०० कि.मी.चा विचार करू नये. ५० कि.मी. पुरे, तेही चालणे आणि हळू धावणे मिळून. पोळ्यानंतर सुरुवात केली तर फेब्रुवारीच्या मध्यास तयारी होते आणि कडक उन्हाळ्याच्या आत काम उरकते.

आठवड्यातून चार दिवस सराव. त्यांतले तीन दिवस ५ ते ८ कि.मी. आणि शनिवारी पहाटे एक लांब फेरी. रविवार उपासनेचा आणि विश्रांतीचा. लांब फेरी अशी वाढवावी :

पहिले सहा आठवडे – फक्त झपझप चालणे. ८ कि.मी. पासून १२ पर्यंत.
सातवा ते बारावा – चार मिनिटे चालणे, एक मिनिट धावणे. १२ पासून १८ पर्यंत.
तेरावा ते अठरावा – तीन मिनिटे चालणे, दोन मिनिटे धावणे. २० पासून २८ पर्यंत. अधूनमधून शुक्रवारी संध्याकाळीही ६-७ कि.मी. जावे, म्हणजे थकल्या पायांनी चालण्याची सवय होते.
एकोणिसावा ते एकविसावा – एकदा ३१, एकदा ३५. त्याहून जास्त नाही.
बाविसावा व तेविसावा – अंतर २० आणि मग १२ वर आणावे. पायांना भरून येऊ द्यावे.
चोविसावा – ठरलेला दिवस.

दर चौथ्या आठवड्याला अंतर तिसऱ्या हिश्श्याने कमी करावे. बैलालाही आपण रोज सारखे जुंपत नाही. वेग किती असावा? सोबत्याशी बोलता येईल इतका. बोलताना धाप लागली तर वेग जास्त झाला, हळू करावे.

शेतीचे काम हाही सरावच आहे, तो हिशेबात धरावा. दिवसभर कापसाची गाठोडी किंवा संत्र्याचे कॅरेट उचलले असतील, तर त्या संध्याकाळी धावू नये. फवारणीच्या दिवशी तर मुळीच नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, हे आपल्या स्मरणात असेलच. औषध अंगावर असताना घाम आणि धाप दोन्ही वाढवणे धोक्याचे आहे. साबणाने आंघोळ करावी, कपडे वेगळे धुवावेत, फवारलेल्या वावरातून सराव करू नये.

अनवाणी धावण्याचा मोह टाळावा. काटा, काच आणि साप यांचे भय आहे. बूट महाग नसले तरी चालतात, पण पायाला घट्ट नसावेत. लांब चालण्याने पाय थोडा फुगतो, म्हणून बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीची जागा असावी. मोजे कोरडे, नखे कापलेली. जिथे कातडी घासते तिथे आधीच व्हॅसलीन लावावे. हमरस्त्यावर ट्रकची वर्दळ असते. अंधारात बॅटरी, अंगात पांढरा किंवा चमकणारा सदरा आणि समोरून येणारी गाडी दिसेल अशी बाजू. एकट्याने जाऊ नये. त्या चौघांच्या संघाचा नियम आपणही पाळावा.

६. पाणी, मीठ आणि गूळ

तहान लागेल तसे पाणी प्यावे. कमी पाणी वाईट, पण बळेच घटाघटा पिणेही वाईट. नुसते पाणी फार प्याल्याने रक्तातले मीठ पातळ होते. डोके दुखते, उलटी होते, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो, कधी जीवही जातो. म्हणून मधून मधून मिठाचे पाणी हवे. आरोग्य केंद्रातले ओआरएसचे पाकीट उत्तम. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त घालू नये.

पहिल्या तासानंतर तासाला एक केळे आणि लिंबाएवढा गुळाचा खडा पुरतो. उकडलेला बटाटा मीठ लावून, भाकरीचा तुकडा, आपली संत्री, हेही चांगले. त्या दिवशी नवीन काही खाऊ नये. सरावात जे पचले तेच घ्यावे.

पहाटे चारला निघाले तर सकाळी अकरापर्यंत चाळीसेक कि.मी. होतात. ऊन चढल्यावर उरलेले अंतर सावलीत थांबत, चालतच पुरे करावे.

एक गोष्ट अगदी ठळकपणे ध्यानात असू द्यावी. अंग दुखते म्हणून दुकानातली वेदनाशामक गोळी खाऊन धावू नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या अशा वेळी मूत्रपिंडाला इजा करू शकतात. लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायू फुटल्याची ती खूण आहे. त्याच क्षणी थांबून रुग्णालयात जावे.

ऊन लागून माणूस असंबद्ध बोलू लागला, पडला, अंग तापले, तर आधी थंड करावे, मग हलवावे. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतावे, ओले फडके घालून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

७. आधी तपासणी, मग सराव

हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, साखरेवरची औषधे, दमा, रक्ताची कमतरता, नुकताच येऊन गेलेला ताप, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावू नये. गरोदर बायांनी आणि अठरा वर्षांखालच्या मुलामुलींनी एवढ्या लांब पल्ल्याच्या भरीस पडू नये.

आपल्या भागात याहून महत्त्वाची तपासणी सिकलसेलची. नागपूर-छिंदवाडा पट्ट्यात हा आजार बऱ्याच कुटुंबांत आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथूनच सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे, त्याने असे धावू नये. पण ज्याच्यात तो फक्त वाहक म्हणून आहे, म्हणजे अहवालात 'एएस' येते, तो दिसायला ठणठणीत असतो. त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. असा माणूस शेतीकाम करतो, खेळतो, काही होत नाही. पण कडक उन्हात, पाण्यावाचून, एकदम जोर लावून धावला तर क्वचित त्याचे स्नायू निकामी होऊन तो कोसळू शकतो. वाहकाने धावू नये असे नाही. त्याने हळूहळू सराव वाढवावा, अचानक जोर करू नये, आणि पायांत गोळे किंवा विलक्षण अशक्तपणा आला तर लाज न बाळगता थांबावे. सोबत्यांनाही ही गोष्ट सांगून ठेवावी. तपासणी थोड्या रक्ताची असते. धावणार नसाल तरी ती करून घ्यावी. लग्नाच्या वेळी तिचा उपयोग होतो.

८. पैशाचा हिशेब

पायांची तयारी सहा महिन्यांची, तर हिशेबाची तयारीही आधीच हवी. पुढील नियम वहीत लिहून ठेवावेत :

(१) हेतू एकच आणि स्पष्ट असावा. 'गरिबांसाठी' एवढेच म्हणू नये. 'नागपूरला उपचाराला जाणाऱ्या रुग्णांच्या प्रवासासाठी' असे म्हणावे. देणाऱ्याला कळले पाहिजे.
(२) पैसा धावणाऱ्याच्या खिशात किंवा खात्यात जाऊ नये. धर्मग्रामाची समिती, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सभा किंवा नोंदणी झालेली संस्था यांच्या खात्यात जावा. काढताना दोघांच्या सह्या असाव्यात.
(३) क्रमांक घातलेले पावतीपुस्तक असावे. दहा रुपयांनाही पावती द्यावी.
(४) केळी, गूळ, गाडीचे डिझेल, बूट, हा खर्च धावणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरांनी सोसावा. देणगीतून एक पैसाही घेऊ नये.
(५) रोख नसेल त्याच्याकडून ज्वारी, तूर, संत्री, कापूस घ्यावा. विक्री चार माणसांसमोर करून रक्कम त्याच दिवशी जमा करावी.
(६) देणाऱ्यांची यादी रकमेसह भिंतीवर लावू नये. कमी देणाऱ्याला खाली मान घालावी लागू नये. विधवेचे दोन पैसे कोणी मोठे मानले, ते आपण जाणतो. जाहीर करायचा तो एकूण जमा आणि एकूण खर्च.
(७) ज्याला मदत द्यायची त्याचे नाव किंवा फोटो त्याच्या मर्जीवाचून पुढे आणू नये. दुखणे आले म्हणून माणसाची अब्रू गावाच्या मालकीची होत नाही.
(८) एका महिन्याच्या आत हिशेब वाचून दाखवावा. धाव अर्धवट राहिली तरी हिशेब अर्धवट राहू नये.

मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये दरवर्षी कोट्यवधी रुपये अनेक संस्थांसाठी जमतात. तेथे जमलेला पैसा सांभाळण्याचे काम स्वतंत्र संस्थेकडे सोपवलेले असते, धावणाऱ्यांकडे नाही. मोठ्यांनी जे नियम पाळले, ते आपल्या सहा हजारांनाही लागू आहेत. उलट रक्कम लहान असली की संशयाला वेळ लागत नाही, आणि एकदा विश्वास गेला की पुढच्या वर्षी खऱ्या रुग्णालाही कोणी देत नाही.

ध्यानात ठेवावे

धावणे हे निमित्त आहे. ज्या दिवशी पाय थांबा म्हणतील, त्या दिवशी थांबणे ही हार नव्हे. देणगी आधीच जमा आहे, रुग्णाची गाडी आधीच ठरली आहे, मग राहिलेल्या बारा कि.मी.ने कोणाचे काय अडले? पुढच्या शनिवारी पुन्हा हळूहळू चालायला लागावे.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या गावातून गेल्या वर्षभरात किती जणांना उपचारासाठी नागपूरला जावे लागले? त्यांचा सर्वांत जड खर्च कोणता होता?
२) कि.मी.मागे देणगी आणि ठरीव देणगी, यांपैकी आपल्या गावात कोणती योग्य? का?
३) आपल्या घरातल्या किती जणांची सिकलसेल तपासणी झाली आहे? राहिलेल्यांची कधी करणार?
४) धावू न शकणारे वडीलधारे या कामात कोणता वाटा उचलू शकतील? पावतीपुस्तक, पाण्याचे ठिकाण, हिशेब, यांचा विचार करून नावे ठरवा.